डोंगरावरच्या अभ्यासिकेचा सर्व्हर : प्रकल्प नोंदी

६ एप्रिल २०२५, रविवार

मंडळाच्या बैठकीत आज विषय मांडला आणि मंजूर झाला. भांडुप पश्चिमेला डोंगराच्या उतारावर आमची वस्ती. मंडळाच्या हॉलला लागून बारा बाय पंधराची खोली आहे, तीच अभ्यासिका. मागे संरक्षक भिंत, वर पत्रा. संध्याकाळी सहा ते दहा पंचवीस-तीस मुलं बसतात, परीक्षेच्या दिवसांत जास्त. आत मोबाईलला रेंज जेमतेम, तीही खिडकीशी उभं राहिलं तर. बहुतेक घरांत स्मार्टफोन एकच, आणि त्याचा रोजचा दीड जीबी मूल अभ्यासाला बसेपर्यंत संपलेला असतो.

मागणी एवढीच केली की खोलीत एक छोटा सर्व्हर ठेवू. विकिपीडिया, शब्दकोश, गणिताचे व्हिडिओ, विज्ञानाचे प्रयोग, सगळं त्याच्या डिस्कवर. मुलांनी वाय-फायला जोडायचं आणि ब्राउझर उघडायचा. डेटा लागत नाही, रिचार्ज लागत नाही.

अध्यक्षकाका म्हणाले, "अरे, मग ब्रॉडबँडच घेऊ ना, पाचशे-सहाशे रुपये महिना." मी म्हटलं, काका, ते पैसे दर महिन्याला लागतील, आणि ज्या महिन्यात वर्गणी कमी पडेल त्याच महिन्यात लाईन बंद होईल. हे एकदा बसवलं की बसवलं. दुसरं कारण माझ्या मनात जुनं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मी सातवीत होतो आणि दोन दिवस फोन मुका होता. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड पडून मुंबईची वीज गेली, तेव्हा माझ्या भाचीचा ऑनलाइन तास अर्ध्यात तुटला. या शहरात तार तुटते. अभ्यास त्या तारेवर टांगून ठेवायचा नाही.

बजेट पंधरा हजार, गणपतीच्या शिलकीतून.

१२ एप्रिल, शनिवार

लॅमिंग्टन रोड, संगणकाच्या सुट्या भागांचा बाजार. ग्रँट रोडला उतरून चालत गेलो, दुपारी तीनपर्यंत परत. रास्पबेरी पाय ४, म्हणजे एकाच बोर्डावर मावणारा छोटा संगणक, चार जीबी रॅमचा, माझ्याकडे घरी पडून होता, तो मंडळाला दिला. एक टीबीची अडीच इंची हार्ड डिस्क, ६४ जीबीचं मेमरी कार्ड, पंखा असलेली केस आणि नेटवर्क केबल घेतली. चार्जर घरचाच वापरू म्हटलं.

१४ एप्रिल, सोमवार

बाबासाहेबांची जयंती. दरवर्षीप्रमाणे अभ्यासिकेत सलग अठरा तास अभ्यास. सकाळी सहाला सुरुवात, रात्री बाराला शेवट. मी तिथे फक्त बघत बसलो होतो, कोणाला काय अडतं ते.

आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका येतात, पालिकेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलेल्या. सगळे त्यांना बाईच म्हणतात. बाईंनी वहीत मुलांचे प्रश्न जसेच्या तसे उतरवून घेतले, मुलांच्याच शब्दांत. रात्रीपर्यंत एकेचाळीस झाले. "गार ग्लासाला बाहेरून पाणी कुठनं येतं." "करंट आपल्याला का लागतो, पक्ष्याला का नाही." "आपल्या नळाचं पाणी कुठल्या तलावातलं." "राज्यसभा आणि विधानसभा एकच का."

वही मला देताना बाई म्हणाल्या, "तुझं यंत्र बसलं की यातला एकेक प्रश्न मुलाला त्याच्यावर शोधायला लाव. मी शोधणार नाही आणि तूही नाही. मूल शोधेल." हीच आमची चाचणी ठरली.

२० एप्रिल, रविवार

दोन दिवस डाऊनलोड. किविक्स वापरतोय, इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचायचं सॉफ्टवेअर. हा मुक्त प्रकल्प २००७ पासून चालू आहे. अख्खा विकिपीडिया झिम नावाच्या एका दाबलेल्या फाईलमध्ये येतो, शोधसूचीसकट. ती फाईल उलगडावी लागत नाही. किविक्स-सर्व्ह तिच्यातूनच पानं काढून ब्राउझरला देतो, म्हणून चार जीबी रॅमच्या बोर्डालाही जड जात नाही.

चित्रांसह इंग्रजी विकिपीडिया १०० जीबीच्या पुढे जातो. घरच्या लाईनला प्रत्यक्षात ४० एमबीपीएस मिळतो. हिशेबाने १०० जीबीला साडेपाच तास, लागली अख्खी रात्र. टॉरेंटने घेतला हे बरं झालं, कारण मधे लाईन दोनदा तुटली आणि तरी तिथूनच पुढे चालू झालं. मराठी विकिपीडिया, मराठी विकिस्रोत, साध्या इंग्रजीतला विकिपीडिया आणि पीएचईटीचे पडद्यावर करायचे विज्ञानप्रयोगही घेतले. पीएचईटी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी सुरू केलं. त्यातले बरेच प्रयोग मराठीत झालेले आहेत, आणि बॅटरी-बल्बचं सर्किट बोटाने जोडता येतं. आमच्या मुलांसाठी हे सोनं आहे.

अडलो ते फाईल डिस्कवर टाकताना. "डिस्कवर जागा नाही" असा निरोप, आणि डिस्क तर पूर्ण रिकामी. डिस्क फॅट३२ मध्ये होती, फाईली मांडायची जुनी पद्धत. त्या पद्धतीत एक फाईल चार जीबीपेक्षा मोठी ठेवताच येत नाही. ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करून पुन्हा कॉपी केली. प्रत्येक फाईलची शा-२५६ बेरीज, म्हणजे फाईल तंतोतंत उतरली का ते सांगणारा आकडा, मूळ बेरजेशी ताडून पाहिली. एक जुळली नाही. डिस्क घाईत काढल्याने शेवटचा भाग लिहिलाच गेला नव्हता. यापुढे बेरीज जुळल्याशिवाय फाईल खोलीत न्यायची नाही.

२७ एप्रिल, रविवार

चालू झालं. किविक्स-मॅनेजने फाईलींची यादी केली, किविक्स-सर्व्ह बोर्ड सुरू होताच आपोआप उठेल असं बसवलं. माझ्या फोनवर मुखपृष्ठ उघडलं आणि फोन विमानमोडमध्ये, फक्त वाय-फाय चालू. काका दोन मिनिटं फोन हातात धरून होते. "हे सगळं त्या डबीत आहे?" हो काका, त्या डबीत.

मग बाईंची वही. सातवीतल्या मुलीला पहिला प्रश्न दिला, गार ग्लासाचा. तिने मराठी विकिपीडियात टाइप केलं, "ग्लासावर पाणी". काही नाही. "थंड ग्लास पाणी". भलतंच आलं. "थेंब". एक गावाचं पान आलं. पाच मिनिटांनी तिने फोन बाकावर ठेवला आणि स्वतःचं दप्तर उघडलं.

एकेचाळीसपैकी आज नऊ प्रश्न घेतले, मुलांना उत्तर सापडलं दोन प्रश्नांचं. दोन्ही सरळ नावाने शोधता येणारे होते. डिस्कवर उत्तरं आहेत. मी स्वतः शोधली तर सात सापडतात, कारण मला 'संघनन' हा शब्द ठाऊक आहे. तिला तो ठाऊक असता तर तिला प्रश्नच पडला नसता.

४ मे, रविवार

तीन दिवस सर्व्हर मधेच मरतोय. डिस्कमधून टक् टक् आवाज, मग सगळी पानं गायब. डिस्क खराब असं वाटून परत लॅमिंग्टन रोडला जाणार होतो. आधी बोर्डाला विचारलं. गेट-थ्रॉटल्ड या आज्ञेचं उत्तर ०एक्स५०००५, म्हणजे या क्षणी व्होल्टेज कमी आहे आणि त्यामुळे बोर्डाने वेगही कमी केलाय. ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की हा इशारा मिळतो. चार्जरवर ५ व्होल्ट ३ अँपिअर छापलेलं, पण केबल मोबाईलची, बारीक. डिस्क फिरायला लागली की तिथेच व्होल्टेज पडतं.

५.१ व्होल्टचा, जाड आणि जोडलेल्या केबलचा अधिकृत अडॅप्टर आणला. फिरत्या डिस्कऐवजी एक टीबीची एसएसडी घेतली. ती वीजही कमी खाते आणि पत्र्याखालच्या उकाड्यात गरगरणारा भागही नको. बजेटमधले आता अठराशे उरले. फिरती डिस्क घरी ठेवली, राखीव प्रत म्हणून.

११ मे, रविवार

बोर्डाच्या स्वतःच्या वाय-फायवर दहाबारा मुलं बसली की नवीन फोन जोडला जाईना. ते एवढ्या मुलांसाठी बनवलेलंच नाही. एका रहिवाशाने जुना राउटर दिला, तो केबलने जोडून वाय-फायचं काम त्याच्याकडे दिलं. तासभर गोंधळ. काही फोनांवर पान उघडे, काहींवर नाही. राउटर आणि बोर्ड दोघंही फोनांना पत्ते वाटत होते आणि ज्याला राउटरचा पत्ता मिळाला त्याला सर्व्हरचं नाव सापडत नव्हतं. राउटरची पत्ते वाटायची सोय, म्हणजे डीएचसीपी, बंद केली, झालं. नाव 'अभ्यास.लॅन' ठेवलंय. शेवटी 'लोकल' लावलेलं नाव जुन्या अँड्रॉइडवर उघडत नाही, म्हणून ते टाळलं.

१८ मे, रविवार

कोलिब्री बसवलं. यात धडे, व्हिडिओ, सराव आणि प्रत्येक मुलाची प्रगती दिसते, सगळं इंटरनेटशिवाय. मेनू मराठीत आहे. आमच्याकडची पाच-सहा मुलं हिंदी माध्यमातून आलेली, त्यांच्यासाठी खान अकादमीचं हिंदी चॅनेल घेतलं. गणिताला सगळ्यांनाच उपयोगी पडलं. अपूर्णांकांच्या व्हिडिओपाशी मराठी माध्यमाची मुलंही बसली.

विज्ञानात मात्र घोळ झाला. आठवीतल्या मुलाने वहीत लिहिलं, "पाण्याच्या एका अणूत दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असतो." बाईंनी लाल शाईने 'अणू'भोवती गोल केला. मुलगा म्हणाला, "बाई, व्हिडिओत असंच सांगितलं." खरंच तसंच सांगितलं होतं. हिंदीत रेणूला 'अणु' म्हणतात आणि अणूला 'परमाणु'. मराठीत अणू म्हणजे अणूच, अनेक अणू मिळून रेणू. एकच अक्षरांचा शब्द, दोन भाषांत दोन वेगळ्या गोष्टी, आणि दोन्ही लिपी देवनागरी, त्यामुळे मुलाला सीमा ओलांडल्याचा पत्ताही लागत नाही. मी हे चॅनेल निवडताना भाषा जवळची आहे एवढंच पाहिलं होतं. चॅनेल ठेवलंय, पण विज्ञानाच्या पानावर वर ठळक पट्टी घातली: 'हिंदी अणु = मराठी रेणू, हिंदी परमाणु = मराठी अणू.' बाई अशा जोड्यांची यादी वाढवतायत.

२६ मे, सोमवार

मान्सून आज मुंबईत. नेहमीची तारीख ११ जून, म्हणजे सोळा दिवस आधी, आणि आमचा पत्रा अजून डांबरून झालेला नव्हता. सकाळी सातला फोन आला, टेबलावर गळतंय. धावत गेलो. सर्व्हरपासून वीतभर अंतरावर धार. वाचला.

दुपारी सुट्टी टाकून डबी भिंतीवर सहा फुटांवर, आतल्या कोपऱ्यात बसवली, वर प्लॅस्टिकचं छोटं छप्पर. प्रत्येक वायरला डबीच्या खाली झोल दिला. पाणी वायरवरून ओघळलं तरी झोलाच्या तळाशी टपकतं, वर चढून डबीत शिरत नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. वडिलांनी घरच्या मीटरच्या वायरला असा झोल ठेवलेला लहानपणी पाहिला होता.

विजेचंही आजच कळलं. पॉवर बँक मधे लावून ठेवली होती. वीज गेली की ती क्षणभर दम खाते आणि तेवढ्यात बोर्ड बंद होऊन पुन्हा सुरू होतो. चार वेळा झालं. असं होत राहिलं तर कार्ड खराब होणार. आता १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी, यूपीएसमध्ये असते तीच, सतत चार्जरवर, आणि तिच्यापुढे पाच व्होल्टचा कनव्हर्टर. राउटर थेट १२ व्होल्टवर. हिशेब: बॅटरीत ८४ वॅट-तास, आयुष्य टिकावं म्हणून निम्मेच वापरायचे, ४२. बोर्ड आणि राउटर मिळून अकरा वॅट. जवळपास चार तास चालेल. बजेट संपलं, बॅटरीचे पैसे काकांनी खिशातून दिले.

८ जून, रविवार

महिनाभर जे टाळत होतो ते हाती घेतलं. शोध.

मुलाच्या तोंडचा शब्द आणि पुस्तकातला शब्द यांच्यात दरी आहे, आणि ती मराठीत दोन ठिकाणी आहे. पहिली शब्दाची. मूल म्हणतं 'पाण्याची वाफ होते', पुस्तक म्हणतं बाष्पीभवन. ग्लासावरच्या पाण्याला भूगोलाचं पुस्तक सांद्रीभवन म्हणतं आणि विज्ञानाचं संघनन, दोन्ही पुस्तकं त्याच दप्तरात. 'करंट'चं विद्युतधारा. लोखंड 'गंजतं', पुस्तकात त्याचं क्षरण होतं.

दुसरी दरी व्याकरणाची. इंग्रजीत शब्द शोधला तर तो शब्द साधारण तसाच असतो. मराठीत 'पाणी' लेखात कुठे पाण्याचे, कुठे पाण्यात, कुठे पाण्यामुळे असं असतं. यंत्राला हे चार वेगळे शब्द. प्रत्यय लागण्याआधीच शब्दाचं सामान्यरूप होतं, घोडा-घोड्या, वारा-वाऱ्या, पाणी-पाण्या. मी आधी नियम लिहून पाहिला: शेवटचा चा, ची, चे, ला, ने, त कापायचा. 'शाळेत'चं 'शाळे' झालं, ठीक. मग 'पर्वत'चं 'पर्व' झालं आणि 'भात'चं 'भा'. सामान्यरूपावरून परत मूळ शब्दावर कसं यायचं हा प्रश्न तर अजून तसाच. दोन रात्री घालवून नियम सोडून दिला.

हाताने करायचं ठरलं. त्याला शब्दवही म्हणतोय. साधी मजकुराची फाईल, एका ओळीत डावीकडे मुलाचे शब्द जितक्या रूपांत सुचतील तितके, मधे पुस्तकातले शब्द, उजवीकडे पानांचे दुवे, मराठी विकिपीडिया, पीएचईटी, कोलिब्री, जिथे चांगलं असेल तिथे. अभ्यास.लॅन उघडलं की पहिला चौकोन आता याच वहीत शोधतो. किविक्सचा शोध खाली, दुसरा.

बाई पेनाने लिहितात, नववीच्या दोन मुली टाइप करतात. आज साठ ओळी. सातवीतल्या त्या मुलीला परत बोलावलं. तिने टाइप केलं, "ग्लासाला पाणी". सांद्रीभवन, संघनन, दोन दुवे. तिने दोन्ही उघडले, वाचले, आणि बाईंना विचारलं, "मग सकाळी पत्र्यावर पण हेच असतं का?" बाईंनी त्या ओळीत 'पत्र्यावर पाणी' हे शब्द वाढवले.

१७ जून, मंगळवार

शाळा कालपासून सुरू. एक चूक केली, ती नीट लिहून ठेवतो.

अँड्रॉइड फोन वाय-फायला जोडला की इंटरनेट आहे का हे तपासतो, एका ठरावीक पत्त्याला विचारतो आणि २०४ असं उत्तर यायची वाट बघतो. आमच्याकडे इंटरनेट नाही, म्हणून फोन 'या नेटवर्कला इंटरनेट नाही' म्हणून वाय-फाय सोडून मोबाईल डेटावर जातो. मग अभ्यास.लॅन सापडत नाही. गेल्या आठवड्यात मी सर्व्हरलाच २०४ उत्तर द्यायला लावलं. काही फोनांवर काम झालं, सगळे खूश.

काल रात्री पावणेदहाला एक आई धापा टाकत वर आली. मुलाला व्हॉट्सॲपवर सात निरोप पाठवलेले, एकही पोचला नव्हता. त्याच्या फोनला मी सांगितलं होतं की इंटरनेट आहे. तो बिचारा आमच्या वाय-फायवरच निरोपांची वाट बघत होता. पावसाची रात्र, डोंगराची वाट. ती माऊली काही बोलली नाही, मुलाचा हात धरून उतरली.

आज ते उत्तर काढून टाकलं. दाराशी मोठ्या अक्षरात कागद: 'फोन विचारेल, इंटरनेट नाही, तरी जोडून राहायचं का? हो म्हणा. अभ्यास झाला की वाय-फाय बंद करा.' नव्या मुलाला पहिल्या दिवशी शेजारचं मूल दाखवतं. हेच बरोबर आहे.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. बाईंनी सगळ्यांना साबुदाण्याची खिचडी आणली होती.

भूगोलाचा विषय चालला होता, खारे वारे आणि मतलई वारे. मुंबईच्या मुलाला हे दारात घडतं: दिवसा जमीन समुद्राआधी तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून खारा वारा येतो. रात्री जमीन आधी निवते, वारा उलटा फिरतो, तो मतलई. शब्दवहीत ओळ होती. एका मुलीने 'वाऱ्याची दिशा' टाइप केलं, मिळालं. शेजारच्या मुलाने तेच, अक्षर न् अक्षर तेच, मिळालं नाही. दोन्ही फोन शेजारी ठेवले. डोळ्याला काही फरक नाही.

मग दोन्ही शब्द सुटे करून त्यांचे संकेतांक पाहिले. 'वाऱ्या'तला र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ, हलंत (पाय मोडल्याची खूण), य. दुसऱ्यावर साधा र, हलंत, मग एक न दिसणारी जोडखूण आणि य. पडद्यावर दोन्हींचा आकार एकच, यंत्राच्या लेखी दोन शब्द. आणि हा र मराठीत कुठे नाही? दुसऱ्या, किनाऱ्यावर, ताऱ्यांचा, खाऱ्या, शेतकऱ्यांनी. हिंदीत हे अक्षर लागत नाही, म्हणून हिंदीसाठी केलेल्या साधनात याची वाट सहसा सापडत नाही.

दुरुस्ती दोन ओळींची झाली. शोधाआधी दुसरी तऱ्हा पहिलीत बदलून घ्यायची, वहीतल्या शब्दांचीही आणि टाइप केलेल्याचीही. पण त्या दोन ओळी लिहिताना जितकं समाधान वाटलं तितकं या प्रकल्पात आधी वाटलं नव्हतं.

२० जुलै, रविवार

पालकांची मागणी आहे की बालभारतीची पुस्तकंही टाका. पीडीएफ अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळतात, पण पुस्तकाच्या आत हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे राखीव असल्याचं स्पष्ट छापलेलं असतं. घरी उतरवून वाचणं वेगळं आणि आपण तीस जणांना वाटणं वेगळं. लेखी परवानगीसाठी अर्ज केलाय. तोवर नाही. काकांना हे पटलं नाही, "मुलांसाठीच तर आहे." मी माझ्या मतावर आहे.

जे मोकळं आहे ते भरपूर आहे. विकिपीडिया, श्रेय देऊन, कोणालाही वाटता येतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे साने गुरुजींचं हयातीत छापलेलं लेखन २०११ पासून आणि बाबासाहेबांचं हयातीत छापलेलं २०१७ पासून सर्वांचं झालं आहे. विकिस्रोतावर आहे त्यातून वाचनाचं वेगळं पान केलं.

'आपल्या नळाचं पाणी' या प्रश्नाला मात्र कुठलाच दुवा समाधानाचा नव्हता. मुलांनी स्वतः पान लिहिलं, बाईंनी तपासलं. मुंबईला सात तलावांतून पाणी येतं, त्यातला विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, तानसा १८९२ चा. बरंचसं पाणी शुद्ध होतं ते इथेच, आपल्या भांडुपच्या केंद्रात. तुरटीने गाळ बसवतात, वाळूतून गाळतात, क्लोरीन घालतात. ज्या मुलाने तुरटीचा भाग लिहिला त्याचे वडील रोज त्या केंद्राच्या कुंपणाला लागून कामाला जातात.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पाऊस कालपासून थांबलेला नाही. शाळांना सुट्टी, लोकल विस्कळीत. शनिवारी पहाटे विक्रोळी पार्कसाइटला दरड कोसळून दोन माणसं गेली. तो डोंगर आमच्या डोंगरासारखाच. अभ्यासिका आज बंद ठेवली, मागच्या भिंतीमुळे. वरच्या गल्लीतली सात घरं मंडळाच्या हॉलमध्ये, पुढच्या बाजूला, येऊन बसलीत.

दुपारी दोनला वीज गेली. मोबाईल टॉवरही थोड्या वेळाने. सर्व्हर बॅटरीवर चालू होता आणि हॉलपर्यंत वाय-फाय पोचतो. मुलं सवयीने जोडून बसली. एका मावशींनी आपल्या मुलीला विचारलं, "बघ गं त्याच्यात, दरड कशानं पडते, आधी काही कळतं का." मुलीने 'दरड' टाइप केलं. शब्दवहीत नव्हतं. दोन महिने आम्ही डोंगरावर बसून वही लिहितोय, आणि हा शब्द आमच्यापैकी कोणालाच आठवला नाही. विकिपीडियात ते भूस्खलन म्हणून असतं, आणि हा शब्द इथे कोणी बोलत नाही.

मी तिथेच फोनवरून ओळ घातली: दरड, दरडी, डोंगर खचणे, माती सरकणे, भिंत पडणे. बाईंनी सांगितलं, मी लिहीत गेलो. जमिनीला किंवा भिंतीला नवी भेग. खांब किंवा झाड कललेलं. दार-खिडकी अचानक अडकायला लागणं. भिंतीच्या खालून गढूळ पाणी, किंवा रोज वाहणाऱ्या भोकातलं पाणी एकाएकी बंद होणं. यातलं काहीही दिसलं की घर सोडायचं, सामान नाही. पालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा नंबर १९१६. मावशींनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. 'भोकातलं पाणी बंद' इथे आल्यावर मागे बसलेले एक काका उठले आणि दोन पोरांना घेऊन हॉलच्या दारातून, लांबूनच, भिंतीची भोकं वाहतायत का बघून आले. सगळी वाहत होती.

बॅटरी संध्याकाळी पावणेसहाला संपली. तीन तास पंचेचाळीस मिनिटं.

३० ऑगस्ट, शनिवार

गणपती बुधवारी बसले. हॉलमध्ये मंडप आणि दिवसभर आरत्या, म्हणून अनंत चतुर्दशीपर्यंत अभ्यासिका बाईंच्या घरी. डबी, राउटर, बॅटरी एका पिशवीत मावतात. बाईंच्या दहा बाय दहाच्या खोलीत आठ मुलं, कॉटखाली सर्व्हर.

शब्दवहीत आता ४१२ ओळी. एप्रिलच्या एकेचाळीस प्रश्नांपैकी चौतीस मुलांना स्वतः सापडतात. उरलेल्या सातांत पक्ष्याला करंट का लागत नाही हा आहे. इंग्रजी विकिपीडियात उत्तर आहे, मराठीत मिळालं नाही. नववीच्या मुली ते पीएचईटीच्या सर्किटवर करून बघतायत, पक्ष्याच्या जागी एक बल्ब दोन्ही टोकांनी एकाच तारेवर ठेवून. मगाशी त्यांनी दाखवलं, बल्ब पेटत नाही. आता त्याचं पान मराठीत लिहितायत आणि 'विभवांतर' (दोन टोकांच्या व्होल्टेजमधला फरक) हा शब्द कसा सांगायचा यावर बाईंशी वाद चालू आहे.

पुढच्या रविवारी: नव्या महिन्याच्या झिम फाईली घरून आणणे, जुनी फाईल नवीची बेरीज जुळेपर्यंत न काढणे. बॅटरी दुसरी, समांतर.